अण्णानं काय वाचलं

'आजारानं मला जगायला शिकवलं' असली वाक्यं वाचायची ज्यांना हौस आहे, त्यांनी इथंच थांबावं. मला आजारानं काही शिकवलं नाही. आजार म्हणजे काय गुरुजी आहे? त्यानं मला पोत्यासारखं खाटेवर टाकलं, आणि उरलेला छळ भेटायला येणाऱ्यांनी केला. हे लिहितोय ते एवढ्यासाठी, की आत्ता कुठल्यातरी आयसीयूत एखादा माणूस हालचाल न करता पडला असेल, आणि त्याला काही कळत नाही असं समजून त्याचे नातेवाईक त्याच्या उशाशी वाट्टेल ते बोलत असतील. अहो, त्याला कळतं. सगळं कळतं. कोण काय म्हणालं हे तो नंतर लिहून काढू शकतो, एवढी तरी भीती बाळगा.

चप्पल

सुरुवात चपलेपासून झाली. आधी चार दिवस पोट बिघडलं होतं, ते थांबलं. आठवड्यानं वर्गात शिकवता शिकवता पायातली चप्पल निसटली आणि मला ती निसटलेली कळलीच नाही. पोरं हसली. दुसऱ्या दिवशी जिना चढवेना, तिसऱ्या दिवशी संडासातून उठवेना. बायकोनं, म्हणजे सुनंदानं, तिच्या भावाला फोन केला. अशोकराव गाडी घेऊन आले आणि राहुरी ते नगर पूर्ण रस्ताभर मला सांगत राहिले की हे सगळं पंख्याखाली झोपल्यामुळं होतं.

नगरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं रबरी हातोडीनं माझ्या गुडघ्यावर ठोकलं. काही नाही. दुसऱ्या गुडघ्यावर ठोकलं, तिथंही काही नाही. मग ती स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. उभ्यानं बोलणाऱ्या डॉक्टरांची मला सवय होती, त्यामुळं ती बसली तेव्हाच कळलं, प्रकरण साधं नाही.

"सर, जीबीएस आहे," ती म्हणाली. "शरीर आपल्याच नसांवर हल्ला करतं. बहुतेक लोक बरे होतात. पण बरं व्हायच्या आधी अजून बिघडेल. हात जातील, कदाचित श्वासही. घाबरू नका म्हणणार नाही, पण काय होणार ते आधी माहीत असावं."

संपूर्ण आजारपणात मला सरळ वाक्य सांगणारी ती पहिली व्यक्ती. बाहेर अशोकरावांनी लगेच फोन सुरू केले. "जीबीएस झालंय. हां, जीबीएस!" आणि पलीकडचा माणूस "अच्छा, जीबीएस का!" म्हणून निवांत होत असे. नाव कळलं की आजार कळला असं लोकांना वाटतं. आत्या, मावश्या, कॉलेजातले सहकारी, सगळ्यांना तीन अक्षरं मिळाली आणि सगळे समाधान पावले.

हे मला जास्तच झोंबलं, कारण तेवीस वर्षं मी पोरांना भाषाविज्ञान शिकवतोय. पोरांना म्हणजे, परीक्षेपुरत्या नोट्स मागणाऱ्या दहा-अकरा जीवांना. माझं आवडतं व्याख्यान एकच. शब्दाचं आणि अर्थाचं आपसात काही नातं नसतं. भाकरीला भाकरी म्हणतात म्हणून ती गोल झालेली नाही. उद्या सगळ्यांनी मिळून तिला दुसरं काही म्हणायचं ठरवलं तरी भूक तेवढीच भागेल. मधे असतो तो फक्त करार. बोलणाऱ्यानं आणि ऐकणाऱ्यानं एकच गोष्ट ठरवलेली असते, म्हणून काम चालतं. हे सांगताना मी फळ्याला पाठ टेकून असा उभा राहायचो, जणू तो करार माझ्याच सहीनं झालाय.

एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही

चौथ्या दिवशी श्वास गेला. तोंडातून घशात नळी घातली, ती यंत्राला जोडली. हात, पाय, मान, चेहरा, सगळं बंद. शुद्ध मात्र लख्ख. दर दोन तासांनी कूस बदलायची, घशातला कफ यंत्रानं ओढायचा, नाकातल्या नळीतून पातळ पेज सोडायची. कफ ओढताना जीव जातोय असं वाटतं. सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच, पंधरा-पंधरा मिनिटं भेटायची वेळ.

वॉर्डातली सिस्टर भली होती. तिनं माझ्या कानाशी येऊन ठरवून दिलं, "सर, पापणी एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही." करार झाला! मला आनंद झाला. पण चेहराच गेलेला, पापणी माझ्या ताब्यात कुठं होती? मिटायची म्हटली तर अर्धी मिटायची, आणि नको तेव्हा आपोआप लवायची. बुबुळं तेवढी हवी तशी फिरत होती. पण ठरलं होतं पापणीचं, म्हणून बुबुळांकडं कुणी बघेना.

अशोकराव साखर कारखान्यात हेडक्लार्क आहेत. जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारल्यामुळं त्यांना माझ्या पापणीवर शेरा मारणं जड गेलं नाही.

"दाजी, ओळखलं का मला? बघा, बघा, हो म्हणाले!"

"दाजी, पुण्याला हलवायचं का? हो म्हणतायत!"

"दाजी, देवीला नवस बोलू ना? बोला म्हणतायत!"

पंधरा मिनिटांत मी दोन नवस कबूल केले, डॉक्टर बदलायला संमती दिली आणि सासऱ्यांच्या जमिनीच्या वाटणीत माझी काही हरकत नाही असंही कळवलं. करार दोघांचा असतो असं मी शिकवत होतो. इथं दोन्ही बाजूंनी अशोकरावच सह्या करत होते, आणि सुनंदा बिचारी रडत मान डोलावत होती.

कान

शरीर हलत नाही म्हणजे दुखतही नाही असं तुम्हाला वाटत असेल. या आजारात उलटं होतं. चादरीची घडीसुद्धा सुरीसारखी लागते. सहाव्या दिवशी सकाळी मला उजव्या कुशीवर वळवलं आणि उजवा कान दुमडून डोक्याखाली गेला. वळवणाऱ्या माणसाच्या ते लक्षात आलं नाही. तासाभरात त्या कानात आगीचा डोंब उसळला. माझ्यापुरतं जगात दुसरं काही उरलं नाही, फक्त तो कान.

अकरा वाजता सुनंदा आली. मी बुबुळं उजवीकडं ढकलत राहिलो. उजवीकडं, उजवीकडं, उजवीकडं.

"काय हो? पाणी? उकडतंय? पाय दुखतात? देवाचा अंगारा लावू?"

तिनं सिस्टरला बोलावलं. सिस्टरनं पडद्यावरचे आकडे बघितले. सगळे आकडे उत्तम. अशोकराव म्हणाले, "दाजींना स्वर्गाची दिशा दिसत असेल." उचलली जीभ लावली टाळ्याला! मी जर उठू शकलो असतो तर त्या दिवशी नगरमध्ये एक हेडक्लार्क कमी झाला असता.

पण जाता जाता सुनंदा दारात थांबली आणि परत आली. माझ्या डोळ्यांत वाकून बघितलं. डावीकडं सरकली, माझी बुबुळं तिच्यामागं गेली. उजवीकडं सरकली, परत मागं गेली. सुनंदा बारावी नापास आहे; मी पीएचडी. पुढचं वाक्य तिला सुचलं, मला सुचलं नव्हतं.

"मी अण्णांना बोलावते," ती म्हणाली.

आमच्या घरचा धंदा

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही जामखेडकडचे गोंधळी. लग्नकार्यानंतर लोकांच्या दारी देवीचा गोंधळ घालायचा, संबळ वाजवायची, कथा लावायची. आणि मधेच एक खेळ दाखवायचा. एकानं बायाबापड्यांच्या घोळक्यात जायचं, कुणीतरी त्याच्या कानात आपल्या माणसाचं नाव सांगायचं. दुसरा लांब दिवटीजवळ उभा. पहिला नुसता डोळे फिरवतो, आणि दुसरा मोठ्यानं नाव सांगतो. मांडवात टाळ्या पडतात. हिला नेत्रपल्लवी म्हणतात. डोळा कुठं वळला त्यावरून अक्षराचा वर्ग, किती वेळा वळला त्यावरून वर्गातलं कितवं अक्षर, आणि नजर रेंगाळली की काना-मात्रा. एक नियम कडक: वाचणाऱ्यानं अक्षरं तोंडानं बोलायची नाहीत. पूर्ण जुळलं की मगच एकदम बोलायचं.

वडिलांनी आम्हा दोघांना ती शिकवली. मी दहावीनंतर सोडली. पुढं मोठा विद्वान झाल्यावर अण्णाच्याच तोंडावर म्हणालो होतो, "ही भाषा नव्हे, अण्णा. ही हातचलाखी." तो म्हणाला, "आसंल बाबा."

याहून वाईट गोष्ट सांगायची राहिली. राहुरीत घर बांधलं तेव्हा गोंधळ घालायचा सुनंदाचा हट्ट होता. मी बाहेरच्या तालुक्यातले गोंधळी बोलावले. सहकारी येणार होते; संबळ वाजवणारा माझा सख्खा भाऊ आहे हे त्यांना कळायला नको होतं. अण्णाला पाहुणा म्हणून बोलावलं, शर्ट-पँट घालून ये असं सांगून. तो आला. परक्या माणसांनी चुकतमाकत घातलेला गोंधळ मांडी घालून शेवटपर्यंत बघितला, जेवला आणि गेला. त्यानंतर चार वर्षं आमच्या घरी फिरकला नाही. बरोबरच केलं.

मांडवातला आवाज

दुपारभर कुशी बदलत राहिल्या, पण नळी ओढली जाऊ नये म्हणून डोकं उजवीकडंच ठेवत होते, आणि कान दुमडलेलाच. पाच वाजता अण्णा आला. डोक्यावर टोपी, अंगावर दवाखान्याचा निळा गाऊन, पायात त्या हास्यास्पद प्लॅस्टिकच्या पिशव्या.

अशोकराव म्हणाले, "आता आयसीयूत जागरण घालायचंय का?"

अण्णानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्या पायथ्याशी जाऊन उभा राहिला, दिवटीजवळ उभा राहायचा तसा ताठ. "बाळू, म्हन," म्हणाला.

पस्तीस वर्षांत मी ते केलं नव्हतं. तरी डोळे आपणहून वळले. क-वर्ग, पहिलं अक्षर, नजर रेंगाळली. मग त-वर्ग, पाचवं अक्षर, आणि शेवटी नुसतं उजवीकडं.

"कान!" अण्णा ओरडला, अगदी मांडवात ओरडतो तसा. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकला. "कान दुकतोय त्याचा! उजवा बगा!"

सिस्टरनं डोकं उचललं, कान मोकळा केला. जांभळा पडला होता. मी आयुष्यात इतका सुखी कधी झालो नव्हतो, लग्नाच्या दिवशीही नाही. सुनंदा हे वाचणार आहे, वाचू दे.

डॉक्टरीण आली. तिचा विश्वास बसेना, आणि बसू नये हे योग्यच. तिनं अण्णाला दाराबाहेर पाठवलं आणि माझ्या कानात म्हणाली, "माझं माहेर मिरजगाव." अण्णा आत आला, मी डोळे फिरवले, तो म्हणाला, "मिरजगाव! कोन हाय तितलं?" डॉक्टरीण हसली. त्या दिवसापासून तिनं अण्णाला भेटीच्या वेळेचं बंधन ठेवलं नाही, आणि मी जे डोळ्यांनी म्हणेन ते अण्णानं सांगायचं, असं फाईलवरच लिहून टाकलं.

अण्णा अक्षरशः तसंच सांगायचा. मी 'पाय वर' म्हटलं की "पाय वर". मी एकदा अशोकरावांबद्दल जे म्हणालो तेही त्यानं भर वॉर्डात सांगितलं, "पावनं, तुमी बाहिर जा म्हनतोय. आन् तोंड बंद ठिवा म्हनतोय." अशोकराव दोन दिवस आले नाहीत. औषधापेक्षा त्याचा गुण जास्त आला.

सही

चौदावा दिवस. माझं एक नखसुद्धा हललं नव्हतं. डॉक्टरीण सकाळी आली आणि म्हणाली, तोंडातली नळी आता फार दिवस ठेवता येणार नाही, गळ्याला छोटं छिद्र करून तिथून श्वास द्यावा लागेल. बरे झाल्यावर ते बुजतं. यंत्रावर अजून किती दिवस, ते तिलाही सांगता येत नव्हतं.

अशोकराव परत उगवले होते. "गळ्याला भोक पाडलेला माणूस मी परत बोलताना बघितलेला नाही," ते म्हणाले. त्यांनी एकूण असे किती बघितले होते, हे कुणी विचारलं नाही.

सुनंदानं कागद हातात घेतला, पण पेन टेकवेना. "त्यांना विचारा," ती अण्णाला म्हणाली. "ते हो म्हणाले तरच मी सही करीन. नाही म्हणाले तर घरी नेते. त्यांच्या मनाविरुद्ध मला काही करायचं नाही."

आता जे झालं ते लपवत नाही, कारण तुमचा माणूसही या जागी येऊ शकतो. मला नको होतं. चौदा दिवस मी स्वतःचं प्रेत आतून बघत होतो. सगळे 'बरे व्हाल' म्हणत होते आणि मला ते शब्द नुसते आवाज वाटत होते, पत्र्यावर खडा पडावा तसे. मला भीती वाटत होती, लाज वाटत होती, आणि सगळ्यांत जास्त कंटाळा आला होता. अण्णा पायथ्याशी उभा राहिला. मी सावकाश, एकेक अक्षर नीट लावून म्हणालो: नको. जाऊ द्या.

अण्णानं टोपी काढून परत घातली.

"पुन्ना म्हन," म्हणाला.

मी पुन्हा म्हणालो. तेच, तेवढंच स्पष्ट.

"कळलं," तो हळूच म्हणाला. मग सुनंदाकडं वळला आणि मांडवातल्या आवाजात म्हणाला, "करा म्हनतोय! लवकर करा म्हनतोय, सुनंदा, सही कर!"

सुनंदानं सही केली. डॉक्टरणीनं कागद घेतला. मी वेड्यासारखे डोळे फिरवत होतो, नको, नको, नको. अण्णानं पुढं होऊन माझ्या डोळ्यांवर तळहात ठेवला. "दमलाय त्यो," म्हणाला. "पडू द्या जरा."

त्याच्या तळहाताखाली मला येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या मी त्याला दिल्या. त्या कुणी वाचल्या नाहीत.

नंतर

तेविसाव्या दिवशी उजव्या हाताचा अंगठा हलला. मग मनगट, मग खांदा. यंत्र सुटलं, गळ्याचं छिद्र बुजलं, आवाज आला. पहिले काही दिवस चिमणीसारखा, मग माझा. आज वॉकर घेऊन चालतो. डावी पापणी अजून पूर्ण मिटत नाही. अशोकराव सगळ्यांना सांगतात की नवस पावला.

आयसीयूबाहेर बसलेल्यांना माझा एवढाच सल्ला. आपल्या माणसाचं शरीर कुठं हलतं ते आधी शोधा आणि मग करार करा. तुम्हाला सोयीची खूण ठरवू नका, त्याला जमेल ती ठरवा. आणि कान दुमडलेला नाही ना, ते रोज बघा.

गेल्या महिन्यात अण्णा घरी आला होता. जेवण झालं, सुनंदा आत गेली. ओसरीवर मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसलो.

"त्या दिवशी मी 'नको' म्हणालो होतो," मी म्हटलं.

"व्हय."

"तू 'करा' सांगितलंस. अक्षर चुकलं का तुझं?"

तो खरोखर दुखावला. "चाळीस वर्सं मांडवात हुबा ऱ्हातोय. येक नाव चुकलं न्हाई आजवर."

"मग नीट वाचलंस, आणि खोटं सांगितलंस?"

अण्णानं सुपारी कातरली, तोंडात टाकली. मग म्हणाला, "तू काय म्हनला ते मला सम्दं समजलं, बाळू. समजलं म्हंजी तसंच करायचं, आसं तुज्या बुकात लिव्हलंय का?"

मी मनातल्या मनात तेवीस वर्षांची सगळी टिपणं चाळली. तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं.